सिस्टर दोन-दोन हातमोजे का घालतात

"गाठ कॅन्सरचीच आहे, पण लवकर सापडली," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट होता. ऑपरेशन आणि मग सहा केमो, असं ठरलं. मी नाशिक रोडला राहणारी निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर दुसऱ्यांना समजावलं, पण त्या दिवशी मला काहीच समजेना. सून रोहिणी सगळं लिहून घेत होती.

केमोथेरपी म्हणजे सलाइनसारखं शिरेतून सोडायचं कॅन्सरचं औषध. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईंना साधं सलाइन लावून सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि लांब बाह्यांचा गाऊन, मास्क, चष्मा चढवून हातमोज्यांचे दोन जोड घातले. मला आत कुठेतरी लागलं. माझ्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी मला शिवायला बिचकतंय, असं वाटलं. घरी येऊन रडले.

दुसऱ्या केमोला विचारूनच टाकलं. सिस्टर घोटीच्या, वय तिशीच्या आतलं.

"काकू, हे तुमच्यामुळे नाही, पिशवीतल्या औषधामुळे. तुम्हाला ते सहा वेळा घ्यायचंय. माझ्या हातात ते रोज असतं."

मग काम करता करता त्यांनी सांगितलं. पहिल्या नोकरीत सगळ्याच जणी हे औषध उघड्या हातांनी हाताळायच्या. गाऊन कपाटात कुलपात असायचे, मागितले तर बाकीच्या हसायच्या. इथे गाऊन दाराशीच टांगलेले असतात आणि इन्चार्ज सिस्टर स्वतः ते घातल्याशिवाय पिशवीला हात लावत नाहीत. रुजू झाल्यावर त्यांनीच शिकवलं, की हे औषध पोटातल्या बाळालाही बाधू शकतं. सिस्टरना मूल हवं होतं. "त्या दिवसापासून कितीही गर्दी असो, मी घाई करत नाही," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या केमोला नळीचा जोड गळला. औषधाचे थेंब खुर्चीवर, फरशीवर पडले. रोहिणी नॅपकिन घेऊन वाकली.

"ताई, हात लावू नका." सिस्टरांचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला. आधी नळी बंद करून त्यांनी मला दुसऱ्या खुर्चीत बसवलं. मग सांडलेलं औषध टिपायची वेगळी पेटी आणून सगळं पुसून घेतलं. नंतर रोहिणीला शांतपणे विचारलं, घरी उलटीच्या चादरी कशा धुता? रोहिणी उघड्या हातांनीच धूत होती. केमोनंतर दोन दिवस उलटी-लघवीतूनही ते औषध बाहेर पडतं, तेव्हा हातमोजे घालायचे, हे पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर होतं. आम्ही तो वाचलाच नव्हता.

तुमची केमो सुरू होणार असेल, तर तो कागद वाचा. आणि सिस्टर गाऊन घालत असतील तेव्हा त्यांना घाई करू नका.

सहाव्या केमोला त्या दिसल्या नाहीत. दिवस राहिल्याचं त्यांनी लगेच सांगितलं होतं आणि इन्चार्जनी त्यांची ड्यूटी खालच्या ओपीडीत लावली होती. केमो संपल्यावर मी खाली गेले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"काकू, पुढचा रिपोर्ट दाखवायला या," त्या म्हणाल्या.

परवा दाखवून आले. चांगला आहे.