बाटलीला हात माझा लागला

शेजारणीच्या दहाव्याला आम्ही सगळे ओढ्याकाठी बसलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. वाट बघताना माणसं काहीबाही बोलतात, तसं बोलणं डॉक्टरांवर आलं. एकाच्या बापाला हाडाचं दुखणं आहे. डॉक्टर दुखणं मारायचं जालीम औषध काही लिहून देईना, चिठ्ठी पुढं केली की त्याचा हात आखडतो. दुसरा म्हणाला, "त्यास्नी काय कळतंय गड्या, त्यांचं कुठं दुखतंय?"

मग शेजारणीचा मुलगा बोलला. तो पलटणीत आहे, आईसाठी रजा काढून आला होता. "डॉक्टरचं बी खरं हाय," तो म्हणाला. "मी सा म्हैन्याचा असताना शेजारच्या काकीनं मला तिचं अफूचं औषध पाजलं हुतं. आय सांगायची. मराय टेकलो हुतो. अशा अडाणी बायांच्या हातात औषध दिल्यावर काय हुणार?"

ती अडाणी बाई म्हणजे माझी बायको. मी उठलो आणि घरी आलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला लागली असेल.

पोराचा दोष नाही. त्याच्या आईनं माझ्या बायकोला शब्द दिला होता, तो तिनं मरेपर्यंत पाळला. तेव्हाचा आटपाडीचा डॉक्टर तर कधीच गेला. आता खरं ठाऊक असलेला मी एकटा उरलोय. शाळा मी तिसरीत सोडली, पुढचं लिहिणं-वाचणं पलटणीनं शिकवलं. जमेल तसं लिहितो.

दुसरं महायुद्ध संपून दोन सुग्या झाल्या होत्या. आमचं गाव आटपाडीपासून तीन कोसांवर, कोरडवाहू मुलूख, जोंधळ्याचं रान. बायकोच्या छातीत गाठ झाली होती. ती तिनं वर्षभर लुगड्याखाली लपवली. मला सांगितलं तेव्हा गाठ फुटायला आली होती. का लपवलीस म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली, "दावायची जागा हाय व्हय ती?" सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरनं तपासलं आणि मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, आता कापून उपयोग नाही, घरी न्या, खाऊ वाटेल ते द्या.

खाऊ काय वाटणार? तिला दुखत होतं. दुखणं खांद्यातून पाठीत उतरायचं आणि पाठीतून पुन्हा छातीत यायचं. ती ओरडणाऱ्यातली नव्हती. पदराचा बोळा दातात धरायची. चार-सहा दिवसांनी बघावं तर त्या पदराला भोकं पडलेली.

मला औषध ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात मी साताऱ्याला भरती होऊन बसऱ्याला गेलो होतो. मांडीत गोळी लागली तेव्हा तंबूतल्या डॉक्टरनं सुई टोचली आणि कपाळावर पेन्सिलीनं खूण केली, दुसऱ्या कुणी चुकून पुन्हा टोचू नये म्हणून. पाच मिनिटांत मांडी माझी राहिली नाही. दुखत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी. त्या सुईचं नाव मी लक्षात ठेवलं होतं, आणि त्याचा मला मोठा दिमाख होता.

म्हणून आटपाडीच्या डॉक्टरपुढं उभा राहिलो तो ताठ. म्हटलं, "साहेब, घरात कॅन्सर हाय. मॉर्फिया पायजे."

डॉक्टर म्हातारा होता, बारीक आवाजाचा. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"बसऱ्याला घेतलंय मी."

"किती दिवस घेतलंस?"

"महिनाभर."

"मग सुटलं कसं?"

मला राग आला. म्हटलं, "मी बायकोसाठी मागतोय. मला न्हाई पायजे."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं, एक जण पाय मोडला म्हणून त्याच्याकडून हे औषध न्यायचा. पाय जुळला, चालायला लागला, तरी तीन कोस चालत औषधाला यायचा. त्या औषधापायी त्यानं म्हैस विकली, बायकोच्या अंगावरचं विकलं. "त्याला मीच लावलं ते. तू नाव घेऊन मागितलंस, म्हणून मी भ्यालो. जे नाव घेऊन मागतात त्यांना मी भितो. आणि वरून सरकारी माणूस येऊन थेंबाथेंबाचा जाब विचारतो, तो वेगळाच."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः टांग्यातून घरी आला. तिला बघितलं. गाठीवरचा कपडा काढल्यावर त्याचं तोंड बदललं. जाताना त्यानं अफूच्या अर्काची एक लहान बाटली दिली, थेंब कसे मोजायचे ते दाखवलं, आणि मला अंगणात उभं करून म्हणाला, "कडीकुलपात ठेव. दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही. सख्ख्या भावाला नाही. ऐकलंस?"

ऐकलं की. कानानं ऐकलं.

ते आठ दिवस मला अजून दिसतात. ती उठून उंबऱ्यात बसायला लागली. मांडीवर सूप घेऊन जोंधळे निवडायची. चुलीपुढं मी. माझी भाकरी बघून म्हणायची, "आवं, ही काय बसऱ्याचा नकाशा काढलाय?" मी म्हणायचो, "गप खा." ती म्हणायची, "खाते की, पर कुठनं सुरवात करू? दर्याच्या बाजूनं?" किती महिन्यांनी ती हसली होती. शेजारपाजारच्या बाया येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, औषध हाय का अमृत.

आता आमच्या गल्लीची रीत सांगतो. विरजण, विस्तव आणि औषध मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. सकाळी चूल पेटवायला एका घरातला विस्तव दहा घरी जायचा. तसंच औषधाचं. कुणाच्या घरी खोकल्याची बाटली आली की सगळ्या गल्लीचा खोकला तिच्यावर. नाही म्हणणारं घर नासकं समजायचे.

आणि दुसरी रीत अफूची. जोंधळ्याच्या काढणीला बाया रानात जायच्या, तान्ह्या लेकराला बाभळीला झोळी बांधून टाकायच्या. लेकरानं दिवसभर रडू नये म्हणून मोहरीएवढी अफू आईच्या बोटावरून चाटवायच्या. माझ्या आईनं मला चाटवली, माझ्या बायकोनं आमच्या लेकीला चाटवली. लेक पुढं देवीनं गेली, तो भाग वेगळा. त्या साली सरकारनं अफूची दुकानं आवळत आणली होती. कुणाला अफू मिळेना आणि काढणी तर तोंडावर आलेली.

शेजारीण दुपारी आली. नवी पोरगी, पहिलं लेकरू, घरात सासू नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत दारातूनच म्हणाली, "आबा, काकी झोपल्यात?"

"झोपलीया. का गं?"

"उद्यापास्नं काढणीला जायाचंय. ह्यो झोळीत टिकंना. दुकानात अफू न्हाई. तुमच्याकडं ते औषध हाय म्हनं."

मला डॉक्टरचं बोलणं आठवलं. खोटं कशाला बोलू, आठवलं. पण दारात उभ्या राहिलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, तेही आजवर माझ्या बायकोकडं रोज ताक घेऊन आलेल्या? आणि मी मनात म्हटलं, अफूची गोळी घट्ट असते, हे तर पातळ. पातळ म्हणजे हलकं. दह्यापेक्षा ताक हलकं असतं, कालवणात पाणी घातलं की तिखट मरतं, तसंच हे. पलटणीत राहून आलेला माणूस मी, औषधातलं मला कळतं असं गाव समजायचं. मीही समजायचो. कुलूप उघडलं. तिच्या वाटीत थोडं ओतलं आणि म्हटलं, "थोडं थोडं दे. दोन-तीन दिस पुरव."

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं दिलं. दुपारी लेकरू पुन्हा रडलं, तेव्हा उरलेलं सगळं दिलं. तिलाही पातळ म्हणजे हलकंच वाटलं.

दिवस मावळायच्या आत ते लेकरू निळं पडलं. हलवलं तरी डोळे उघडेना. बैलगाडी जुंपून आटपाडीला नेलं. मी बरोबर गेलो. डॉक्टरनं लेकराच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. तळपायावर टिचक्या मारत, गार पाणी शिंपडत, कोऱ्या कॉफीचे थेंब घशात सोडत तो त्या लेकरापाशी बसून राहिला. उजाडताना लेकरू रडलं. त्याचं रडणं ऐकून आई खाली बसली ती उठेनाच.

त्याच सकाळी डॉक्टर आमच्याबरोबर गावात आला. सरळ आमच्या घरात शिरला. बायको भिंतीला टेकून बसलेली. शेजारीण लेकराला छातीशी धरून दाराशी उभी. डॉक्टरनं विचारलं, "बाटली कुणी उघडली?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्यातून शब्द यायच्या आधी बायको म्हणाली, "म्या दिलं. ह्ये रानात गेल्ते."

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळला. "खरं का?"

मी मान खाली घातली. त्यानं ते हो म्हणून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "तुझं दुखणं मला दिसतंय. पण ज्या घरातून हे औषध पाळण्यात जातं, त्या घरात मला ते ठेवता येणार नाही. आज पोर वाचलं. पुढचं वाचेल का?" त्यानं बाटली उचलली, रुमालात गुंडाळली आणि गेला.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "असं का केलंस?"

"फौजदार आला असता तर तुमास्नी नेलं असतं. पेन्शन गेली असती. मला कुठं नेतोय? मी चार दिसांची." मग शेजारणीला जवळ बोलावलं आणि तिच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "कुनी इचारलं तर काकीनं दिलं म्हनायचं. ह्याची आन हाय तुला."

चार दिवसांची नव्हती ती. चोवीस दिवस जगली.

त्या चोवीस दिवसांचं मी लिहिणार नाही. पदराची भोकं वर लिहिली आहेत, पुढं पदर उरला नाही, एवढं पुरे. मी दोन वेळा डॉक्टरकडं गेलो. पाय धरले. तो म्हणाला, "माझा तिच्यावर विश्वास राहिला नाही. देऊ कुणाच्या भरवशावर?" दोन्ही वेळा मला एकच वाक्य बोलायचं होतं, की दिलं ते मी. दोन्ही वेळा मी पेन्शनचा विचार केला, गावात तोंड कसं दाखवायचं याचा विचार केला, आणि डॉक्टरच्या बापाचा उद्धार करत घरी आलो. वाटेत भेटेल त्याला सांगायचो, दगड आहे, काळीज नाही त्याला. लोक माना डोलवायचे.

बाविसाव्या दिवशी तिनं मला ओळखलं नाही. मला तिचा भाऊ समजली आणि म्हणाली, "दादा, ह्यांस्नी सांगू नगंस, लय दुखतंय." तसाच उठलो, आटपाडीला गेलो, दवाखान्यात माणसं बसली होती त्यांच्यादेखत बोललो, "साहेब, बाटलीला हात माझा लागला. तिनं न्हाई दिलं. तिला ठावंबी नव्हतं."

डॉक्टर म्हणाला, "हे त्याच सकाळी सांगितलं असतंस, तर बाटली तुझ्या हातातून काढून पाटलाच्या घरी ठेवली असती. रोज मोजून तिला मिळालं असतं. मी तिच्या तोंडचं काढून नेलं." त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. टांगा जोडायला सांगितला आणि सुई घेऊन आला.

सुई टोचल्यावर तिचा जबडा सैल पडला. दात एकमेकांवर रुतून बसले होते, ते सुटले. तिनं माझ्याकडं बघितलं, ओळखून. म्हणाली, "भाकरी खाल्ली का?" मी म्हटलं, खाल्ली. खाल्ली नव्हती. दोन दिवस डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तीन कोस येऊन टोचून गेला. तिसऱ्या दिवशी यायचं कारण राहिलं नाही.

डॉक्टर हात का आखडतात, ते ओढ्यावर बोलणाऱ्यांनी मला विचारावं. माझ्यासारखी माणसं असतात म्हणून आखडतात. मान डोलवून कुलूप उघडणारी, आणि मग गप्प बसणारी. डॉक्टरला समोरचा कुठला ते कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच नाही म्हणतो, आणि त्या नाहीखाली तिच्यासारखी माणसं सापडतात. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानं मला पुन्हा विचारायला हवं होतं. मी मान खाली घातली, आणि मान खाली घालणं म्हणजे हो नसतं, हे इतक्या म्हाताऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पण ते त्याच्या खाती. माझ्या खाती त्याहून जास्त आहे.

दवाखान्यातल्या आमच्या त्या बोलण्याची गावात वाच्यता झाली नाही. बसलेली माणसं आटपाडीची होती. गावात खरी ठरली ती तिच्या तोंडची गोष्ट, आणि मी ती वीस वर्षं खरी राहू दिली.

शेजारणीच्या मुलाची रजा मंगळवारी संपते. त्याच्या आधी हा कागद त्याच्या हातात द्यायचा आहे. त्यानं वाचावा, आणि ओढ्यावर जे बसले होते त्यांना वाचून दाखवावा. काकी अडाणी नव्हती. त्यानंतर त्यानं मला आबा म्हणायचं की नाही, ते त्याचं त्यानं बघावं.