म्हशीचं नाव

आज बँकेच्या वेबसाइटने सुरक्षा-प्रश्न म्हणून पाळीव प्राण्याचं नाव विचारलं आणि आमच्या कुरवंडे गावच्या धुक्यात ओलसर झालेल्या, उशीएवढ्या जाड जावास्क्रिप्टच्या पुस्तकाचा वास आला.

घरात संगणक नसताना मी त्याची भाषा त्या पुस्तकातून शिकतो, हे माझ्या वडिलांना, आबांना, थोतांड वाटे. त्यांना पटलं नाही तर मी कारखान्यात कामाला जायचं, असं ठरलं होतं. लोणावळ्याच्या सायबर कॅफेत त्यांच्यादेखत मी ओळी टाइप केल्या. पडद्यावर त्यांचं नाव आलं.

आबांनी वाकून संगणकाच्या मागे पाहिलं. "हे आधीच आत असंल. आपल्या म्हशीचं टाक."

'चिमणी' उमटलं. तेही त्यांनी कॅफेवाल्याकडून वाचून घेतलं. मग हळूच म्हणाले, "कारखाना ऱ्हाऊ दे. पन ते पुस आधी. घरातलं नाव लोकांना कशाला?"

आज बँकेला मी खोटंच नाव दिलं.