उंदराचं डिझाईन, सुनेचं डिझाईन

खरादीच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत पुन्हा ढीग. एक लाकडाचा भुसा आणि दुसरे किस्से! भुसा निदान चुलीला जायचा. किस्से मात्र साचत गेले, आणि आता कुणी चहाला बसलं की मला राहवतच नाही.

एक्क्याऐंशी साली लग्न होऊन मी भोकरदनला आले. मागे घर, पुढे सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं दुकान. मोटर सुरू झाली की खरादीवर ओंडका गरगर फिरणार, आबा त्याला पटाशी लावणार, आणि बघता बघता त्यातून खाटेचा पाय नाहीतर पाळण्याचा दांडा बाहेर येणार! पहिल्या दिवशी मी डोक्यावरचा पदर विसरून बघतच राहिले. दुसऱ्या खरादीवर उस्मानचाचा, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. मला काम मिळालं लाख लावायचं. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबायची, ती गरम होऊन वितळते आणि रंग चढतो.

त्यात मला लागलं डिझाईनचं वेड! हातात खडू आला की मी फरशीवर आकार काढत बसायचे. माझ्या मनातला एक तरी आकार आबांच्या हातून उतरावा, एवढीच माझी इच्छा होती. आणि आबांचा ठरलेला प्रश्न, "याचं काम काय?"

*

आबांचा नियम होता : नमुना आणा, तसाच माल न्या. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

एकदा जाफराबादकडचे एक पाटील खाटेचा जुना पाय घेऊन आले. लेकीला लग्नात खाट द्यायची होती, तिला असेच पाय पाहिजे होते. आबांनी नमुना मोजला आणि हुबेहूब पाय उतरवले. पाटील न्यायला आले आणि पाय फिरवून फिरवून बघायला लागले.

"आबा, ही खाच कशाची?"

"तुमच्याच नमुन्याला हाये की!"

पाटलांनी जुना पाय उजेडात धरला. "अहो, हे तर उंदरानं कुरतडलेलं हाये!"

खरादीवर एका बाजूला असं काही होतच नाही. जे होतं ते गोल होतं. उंदरानं एका अंगाला मारलेला चावा आबांनी चारी पायांना सगळीकडून कोरला होता. छान, खोल, गोल कडं! मी तोंडात पदर कोंबला. आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मंग त्यानं बराबर जागी कुरतडलंय," म्हणाले.

आणि खरंच सांगते, ते कडं दिसत होतं फार झकास! लग्नात लोकांनी खाट बघितली, आणि मग त्या भागातून जो येईल तो "खाचेची खाट" मागायला लागला. चाचा हसून हसून बेजार. मला म्हणाले, "चूहे का डिझाइन चल गया बहू, अब तेरा बी चलेगा!"

*

चाचांच्या या एका वाक्यावर मी लाटण्याला हात घातला. आमच्या लाटण्याच्या मुठींना सुंदर मणी असायचे. दिसायला सुंदर हो! पण पीठ त्या मण्यांत जाऊन बसायचं आणि काडीनं कोरून काढावं लागायचं. आबांना म्हटलं, मणी काढून टाकू, मूठ निमुळती करू.

"मणी काढले तर लोक म्हणतील कारागीर झोपला व्हता!"

मग चाचांनी गुपचूप एक उतरवून दिलं. मी ते सासूबाईंच्या हातात दिलं, तेही पुरणपोळीच्या दिवशी. सासूबाईंनी पोळ्या लाटल्या, लाटणं एकदा धुतलं, स्वच्छ! आबा जेवायला बसले होते. त्यांच्या समोर लाटणं धरून म्हणाल्या, "उद्यापासून असलेच करायचे. न्हाईतर तुमच्या मण्यातलं पीठ तुम्ही कोरत बसा!"

आबा निमूट जेवले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात बिनमण्यांची लाटणी. मी आतून कान लावून होते. गिऱ्हाइकानं विचारलं, "हे नवं काय काढलं आबा?"

आबा म्हणाले, "औरंगाबादहून फॅशन आलीये."

मला इतका राग आला! रात्री आमटीत मी मीठच घातलं नाही. आबांनी तेही निमूट खाल्लं.

*

देव्हाऱ्याच्या खांबांचा किस्सा सांगितलाच पाहिजे. बदनापूरचे एक रिटायर्ड क्लार्क आले. त्यांना एकाच खांबात सगळं हवं होतं. खाली कमळ, वर कलश, मध्ये मणी, मण्यांवर कंगोरे, कंगोऱ्यांत पुन्हा मणी!

चाचा म्हणाले, "साब, इतना सब डाले तो खंबा किदर रहेगा?"

"पैसे मी देणार आहे ना? मग घाला!"

चाचांनी घातलं. काय हात होता त्या माणसाचा! खांब बघायला रस्त्यावरची माणसं आत आली. क्लार्कसाहेब खुश. "बघा, राहिला की नाही खांब?" असं म्हणून त्यांनी खांब टेबलावर जरा ठोकून उभा केला, आणि कलश त्यांच्या हातात, कमळ टेबलावर!

चाचांनी हळूच कमळ उचलून दिलं. "साब, मजबूत जगह कू नक्षी खा गयी!"

*

मी स्वतः खरादीवर बसले तो दिवस! आबा बाजारात गेले होते. सासूबाईंनी माझा पदर कमरेला घट्ट खोचून दिला आणि स्वतः दारात राखणीला उभ्या राहिल्या. मी निंबाच्या लाकडाची वाटी कोरायला घेतली. लाकूड सोलून निघताना हाताला जे कळतं ना, ते सांगता येत नाही! अजून थोडी पातळ, अजून थोडी... आणि वाटी सुटली! सासूबाईंच्या डोक्यावरून, रस्ता ओलांडून, थेट समोरच्या हॉटेलात!

जरा वेळानं हॉटेलवाला आला. वाटी दोन्ही हातांत धरलेली. "वैनी, तुमची वाटी रश्श्यात पडल्ती. मंग रस्सा भरूनच आणला."

नेमके त्याच वेळी आबा दारात. आता काही खरं नाही! आबांनी वाटी घेतली, रस्सा पिऊन टाकला, कडेवरून बोट फिरवलं.

"पातळ केली म्हणून उडाली," म्हणाले. आणि आत जाता जाता, "पण गोल हाये."

*

आता शेवटचा.

जालन्याला हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. मी कुंकवाच्या करंड्याचं डिझाईन काढलं. कवठासारखा गोल, मणी नाही, कंगोरा नाही, माझी स्वतःची लाखसुद्धा नाही! नुसतं शिसवीचं लाकूड आणि तेल. झाकणाचा सांधा दिसता कामा नये. नेमकं चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. राहिले आबा.

"नक्षी न्हाई, झाकण दिसत न्हाई. याचं काम काय?"

"कुंकू ठेवायचं, आबा."

"मंग लोकाला कळल कसं?"

कुरकुर करत त्यांनी तो उतरवला. भर उन्हाळ्यात, सांधा इतका घट्ट की केससुद्धा जाऊ नये. मी त्यात कुंकू भरून ठेवला. प्रदर्शन मात्र श्रावणात आलं. चार दिवसांची झड, आणि हवेनं लाकूड फुगलं.

हॉलमध्ये दोन टेबलं होती, एक उपयोगी वस्तूंचं, दुसरं कलावस्तूंचं. आमचा करंडा अर्थातच उपयोगीवर. परीक्षक आले, त्यांनी उचलला, फिरवला, ओढला. उघडेना. आबांनी घेतला, दात-ओठ खाल्ले. उघडेना!

"छान आहे हो," परीक्षक म्हणाले, "पण उघडत नाही, तर याचं काम काय?"

मी डोळे मिटले. हा तर आबांचाच प्रश्न, आता तेही मान डोलावणार!

आणि आबांचा आवाज आला, हॉलभर. "साहेब, हे उघडायचं न्हाई. हे बघायचं हाये! नक्षी तरी कुठं हाये का? हात फिरवून बघा. आमच्या सूनबाईचं डिझाईन हाये!"

परीक्षकांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग करंडा उचलून स्वतः कलावस्तूंच्या टेबलावर नेऊन ठेवला. दिवसभर आबा त्या टेबलाजवळ उभे. कुणी उघडायला गेलं की हातावर चापट!

परतीच्या एस्टीत आम्हाला पुढची जागा मिळाली, ड्रायव्हरशेजारची. आबांनी करंडा सुकायला इंजिनाच्या गरम बॉनेटवर ठेवला आणि वर हात धरून बसले. राजूरच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, आणि टप्पकन झाकण उडालं! सगळं कुंकू आबांच्या टोपीवर, मिशांवर, पांढऱ्या सदऱ्यावर!

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, निवडून आल्ते का काय!"

सगळी गाडी हसली. आबांनी झाकण शोधलं, पुसलं, बसवलं. मग लालभडक तोंडानं माझ्याकडे वळून म्हणाले,

"सूनबाई, आता दुसरा काढ. याच्यापेक्षा बिनकामाचा!"