फाडलेलं अंतराळयान

एकोणऐंशी साली आमच्या वाचनालयात कुंडलहून एक पेन्शनर फौजी सायकलवर यायचा. जहाजावर नोकरीला असलेल्या भावाने परदेशातून आणलेला अंतराळयानाचा खेळ तो आम्हा चार शिक्षकांना खेळवायचा. स्वतः काढलेल्या यानाच्या नकाशावर बोट ठेवून शांतपणे विचारायचा, “हवा संपत आलीया. आता काय करनार?” आम्ही त्या यानातले खलाशी; काय करायचं ते आम्ही ठरवायचं, मग ते जमतंय का हे पाहायला फासे टाकायचे.

फासे म्हणजे जुगार, एवढीच आमच्या अध्यक्षांची अक्कल; वाचनालय आणि आमची शाळा, दोन्ही त्यांच्याच संस्थेची. एके दिवशी त्यांनी तो नकाशा त्याच्यासमोरच टराटरा फाडला. नोकरीच्या भीतीने आम्ही खाली मान घालून बसलो.

तुकडे गोळा करत तो म्हणाला, “गुरुजी, खेळात तर तुमी समद्यांसाठी जीव द्याला निघाला हुता.”

तो पुन्हा आला नाही. अध्यक्ष तर अडाणीच होते. चीड येते ती आम्हा शिकलेल्यांची.