आमच्या सोसायटीची एकुलती एक भिंत

ज्यांचं घर बांधून झालं, त्यांना विचारून पाहा. त्यांच्याकडे एकच किस्सा असतो: वास्तुशांतीला किती पानं उठली आणि ऐनवेळी श्रीखंड कसं कमी पडलं. ज्यांचं घर होता होत नाही, त्यांच्याकडे मात्र किस्से साठत जातात. आमच्या नकाशा कचेरीत असे चोवीस लोक होते, त्यामुळे साठा भरपूर आहे.

कचेरी नागपुरातली, सरकारी. काम एकच, दुसऱ्यांच्या जागांचे नकाशे काढायचे. धरणं, रस्ते, मोठ्या साहेबांचे बंगले आणि बंगल्यामागची नोकरांची क्वार्टर्स. मी तिथे ट्रेसर होते. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं पारदर्शक कापड पसरायचं आणि त्याची हुबेहूब नक्कल उतरवायची. दिवसभर लोकांच्या दिवाणखान्यांच्या भिंती ओढायच्या आणि संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांत परत यायचं, त्याही भाड्याच्या.

* * *

आमचे घरमालक बापूजी तसे सज्जन माणूस. नळ सोडायचे, अधूनमधून. पापडही तळू द्यायचे, वास त्यांच्याकडे गेला नाही तर. त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी, आमचं सामान हातगाडीवरून उतरायच्या आत सांगून टाकला.

"भिंतीले खिळा ठोकाचा नाही."

मी तेव्हा आमच्या लग्नाचा फ्रेम केलेला फोटो छातीशी धरून दारात उभी होते. म्हटलं, बापूजी, एकसुद्धा नाही? तर म्हणाले, सुरुवात एकानंच होते. त्यांच्या स्वतःच्या बैठकीत देव, पूर्वज आणि किराणा दुकानाची कॅलेंडरं मिळून भिंतीचा रंग कोणता ते कळत नव्हतं.

फोटो ट्रंकेत गेला. आमचे हे उमरेडला कोळशाच्या खाणीत कारकून. शनिवारी एस्टीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मधले दिवस निदान फोटोत तरी दिसले असते, पण बापूजींच्या भिंतीला ते सोसणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. हा फोटो मी स्वतःच्या भिंतीवर लावीन असं मी त्याच दिवशी ठरवलं. घर सगळ्यांनाच हवं असतं, पण मला त्यातलं नेमकं काय हवं आहे हे मला तेव्हापासून ठाऊक होतं.

* * *

एक दिवस हेड ड्राफ्ट्समन देशकर साहेबांनी जाहीर केलं की आपण कचेरीतल्या लोकांची गृहनिर्माण सोसायटी काढायची. साहेब अध्यक्ष, कुकडे सचिव. जागा शोधायच्या आधी नाव ठरवायला बसलो. प्रत्येकाला आपल्या कुलदैवताचं नाव हवं होतं आणि साहेबांना कोणाचं मन मोडायचं नव्हतं. त्यामुळे सगळीच नावं घेतली.

झालेलं नाव पाहून रबरी शिक्के करणाऱ्यानं हात जोडले. एवढा शिक्का उचलायला दोन माणसं लागतील म्हणाला. शेवटी त्यानं दोन शिक्के केले. नावाचा पहिला अर्धा भाग अध्यक्षांकडे, दुसरा सचिवांकडे. कोणताही कागद पक्का व्हायचा तर दोघांनी शेजारी शेजारी शिक्का मारायचा, म्हणजे त्या दिवशी दोघांत बोलचाल असणं आलं. असे दिवस वर्षातून फार थोडे यायचे.

* * *

जागा दाखवायला दलाल आला. अमरावती रोडवर, वाडीच्याही पुढे एक शेत होतं. वाडीपर्यंत गोदामं आणि ट्रक, त्यापुढे नुसती तूर. आम्ही सायकलींवरून घामाघूम होऊन पोचलो तेव्हा दलाल स्कूटरला टेकून पान खात उभा होता. म्हणाला, लोकेशन पाहा साहेब, सीताबर्डीवरून दहा मिन्टं.

साहेबांनी श्वास परत आल्यावर विचारलं, "कशानं दहा मिनिटं?"

"ट्रकनं."

आम्ही शेत घेतलं. परतीच्या उन्हात सायकल मारण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

* * *

लेआउट मंजूर होऊन आला. शेत चांगलं चौकोनी, समोर रस्ता, आणि चोवीस प्लॉट एका ओळीत. पण तो सरकारी नकाशा साहेबांना फारच रुक्ष वाटला. आपण नकाशावाले, आपल्या सभासदांना सुंदर प्रत मिळाली पाहिजे असं त्यांनी ठरवलं. बाहेरच्या रेषा त्यांनी स्वतः ट्रेस केल्या, कारण आमच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. आकडे आणि सजावट आमच्याकडे आली.

आम्हीही हात राखला नाही. झाडं काढली, कारंजं काढलं, बागेत बाक काढलं आणि बाकावर आरामात बसलेला एक माणूस काढला. पलीकडच्या टेबलावरचे ढोबळे चष्मा वर करून बराच वेळ नकाशा बघत राहिले. हे ढोबळे म्हणजे खोडरबर मागितलं तर अर्धं तोडून द्यायचे आणि अर्ध्याची आठवण रोज करून द्यायचे.

"ह्याले बसाले जागा भेटली," ढोबळे म्हणाले. "आमचं केव्हा?"

* * *

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. एक नंबर, शहराच्या बाजूचा, योगायोगानं देशकर साहेबांना निघाला. चोवीस नंबर, थेट दुसऱ्या टोकाचा, कुकड्यांना. बोलचाल बंद होण्याचा तो मोसम त्यामुळे वर्षभर टिकला. मला बारा मिळाला आणि माझ्या नशिबानं शेजारच्या तेरावर ढोबळे आले.

बांधायला पैसे कोणाकडेच नव्हते, म्हणून आम्ही दर रविवारी डबे घेऊन प्लॉट बघायला जायचो. ढोबळ्यांनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आपल्या घराचा पूर्ण नकाशा आखला होता, स्वयंपाकघर, माजघर, मोरी सगळं. एका रविवारी मी लोणचं द्यायला सरळ त्यांच्या बाजूला गेले तर ढोबळेवहिनींनी मला हातानंच थांबवलं.

"काहून वं बाई, भिंतीतून येऊन राहिली? दरवाजा तिकडे आहे ना."

मी वळसा घालून दारातून आत गेले. चपलाही बाहेर काढल्या. आत ढेकळं होती.

* * *

बारा आणि तेराच्या मध्ये हद्दीचा एक दगड होता. दर रविवारी तो मला माझ्या बाजूला थोडा सरकलेला दिसायचा. ढोबळ्यांना विचारलं तर म्हणाले, पावसानं जमीन सरकते बाई. पाऊस नेमका माझ्याच दिशेनं कसा पडतो हे त्यांनी सांगितलं नाही.

आमचे हे दगड परत ढकलून ठेवायचे. पण हे आठवड्यातून एकदा यायचे आणि ढोबळे सायकल काढून बुधवारीही जायचे. त्यामुळे दगडाचं एकूण वळण माझ्याच घराकडे होतं.

त्यातच शेताचे जुने मालक रामाजी. कोणी बांधत नाही असं पाहून त्यांनी पुन्हा तूर पेरली. जमीन रिकामी ठेवली की बिघडते असं म्हणाले. हंगामात तीच तूर आम्हाला विकायचे, आणि बाजारापेक्षा चढ्या भावानं. ढोबळे त्यांच्याशी भांडायला गेले. रामाजींना त्यात गैर काही दिसेना.

"बाजाराची कोणाची असते कोणाले मालूम," ते म्हणाले. "हे तुमच्या घरची आहे."

ढोबळ्यांनी घेतली. वर मूठभर मागूनही घेतली.

* * *

त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. परमिट ज्याच्या सहीनं मिळायचं तो साहेब नेहमी दौऱ्यावर असायचा, आणि नसायचा तेव्हा त्याचं पेन दौऱ्यावर असायचं. आमच्या सोसायटीत चिकाटीनं खेटे घातले ते मी एकटीनं. बाकीचे म्हणायचे, बाईला घराची फार हौस. मी ट्रंकेतल्या फोटोबद्दल कोणाला काही सांगितलं नव्हतं.

एकदाचं परमिट हातात आलं, पण सिमेंट मिळालं अगदी बेताचं. मिस्त्री म्हणाला, एवढ्यात पाया आणि चारी बाजूंनी गुडघ्याएवढं काम उठेल. आमचे हे म्हणाले, मग त्यात आपण म्हैस पाळू. मी मिस्त्रीला म्हटलं, चार बाजू नकोत. एकच भिंत पूर्ण उंचीची उठवा.

मिस्त्रीनं आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"एक भिंत? त्याचं काय करता गा साहेब?"

"मला विचारू नका," हे म्हणाले. "घर त्यांचं आहे."

भिंत उभी राहिली. दोन्ही टोकांना आधाराचे खांब, मध्ये पक्क्या विटा, चारी बाजूंना तूर. अमरावती रोडनं जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. पाणी मारून ती पुरती वाळल्यावर पुढच्या रविवारी मी फोटो ट्रंकेतून काढला, हातोडी आणि खिळा पिशवीत घातला, आणि आम्ही दोघं गेलो. ह्यांनी खिळा धरला, मी ठोकला. पहिल्या ठोक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना वाटलं बोटावर बसला.

फोटो लागला. थोडा तिरका होता, मी तसाच राहू दिला. भिंतीच्या सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला. घरी जाताना फोटो काढून न्यावा असं हे म्हणाले. मी म्हटलं, घरीच तर लावलाय.

* * *

भिंत पाहून ढोबळ्यांची झोप उडाली. बाईची भिंत माझ्या तेरामध्ये वीतभर घुसली आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वीत कुठून मोजली, तर त्या दगडापासून. शेवटी त्यांनी रीतसर सरकारी मोजणी मागवली. निकाल ऐकायला आम्ही चोवीसच्या चोवीस लोक रजा टाकून शेतात हजर झालो. आमचे हेही उमरेडहून रजा काढून आले होते.

मोजणीदार साखळी आणि मंजूर नकाशा घेऊन आला. देशकर साहेबांनी मोठ्या ऐटीत आमचं सुंदर ट्रेसिंग त्याच्या पुढे पसरलं. त्यानं कारंजं पाहिलं, बाकावरचा माणूस पाहिला, आपला नकाशा पाहिला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यानं आमचं ट्रेसिंग उचललं, उलटं केलं आणि मागच्या बाजूनं उन्हात धरलं.

"नकाशा छान आहे," तो म्हणाला. "फक्त मागून पाहायचा."

साहेबांनी रेषा कापडाच्या उलट्या बाजूवर उतरवल्या होत्या, आणि आम्ही कापड सुलट करून त्यावर आकडे लिहिले होते. डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं होतं. इतकी वर्षं आम्ही ओळ चुकीच्या टोकापासून मोजत होतो. एक नंबरचे देशकर साहेब एका क्षणात पार शेवटी गेले आणि चोवीसवाले कुकडे शहराच्या बाजूला आले. साहेबांनी मोजणीदाराला, पुन्हा एकदा दुसऱ्या टोकाकडून मोजून बघा, असा हुकूम केला.

ओळीच्या मध्यावर फार काही घडलं नाही. बारा आणि तेराची फक्त अदलाबदल झाली. ढोबळ्यांनी वर्षानुवर्षं दगड ढकलून जी जमीन खाल्ली, ती त्यांचीच निघाली. आणि माझी भिंत उभी होती ती ढोबळ्यांच्या प्लॉटवर.

साहेब म्हणाले, काही बिघडलं नाही, सगळ्यांनी आपसात प्लॉट बदलून घ्यायचे, सोसायटीचा ठराव करू, आत्ता शिक्के मारू. त्यांनी आपला अर्धा शिक्का खिशातून काढलाही. कुकड्यांनी एकदा शहराच्या बाजूच्या आपल्या नव्या प्लॉटकडे पाहिलं, आपला अर्धा शिक्का पिशवीत तळाशी घातला आणि सायकलवर बसून निघून गेले.

मग उरली भिंत. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी फोटोकडे. विटांचं मला काही वाटलं नाही, पण तो आता पुन्हा ट्रंकेत जाणार होता. मी हात वर केला आणि फ्रेम खिळ्यावरून उचलली.

ढोबळे तुरीतून वाट काढत आले. भिंतीभोवती त्यांनी एक फेरी मारली, खांबावर बोटांनी टकटक करून पाहिलं. फोटोतला आमच्या ह्यांचा घाबरलेला चेहरा पाहिला, मग जवळ उभे असलेले हे पाहिले. मग माझ्या हातातली फ्रेम घेऊन त्यांनी परत खिळ्यावर लावली, सरळ केली, आणि चष्मा पुसत म्हणाले,

"राहू द्या बाई. पण दुसरा खिळा ठोकाचा नाही."