वधावर बांधलेली पोथी

१९८३ साली मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन आठ वर्षं झाली होती. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात मी आणि बायको शालन. नोकरी अंधेरीला, इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका बल्बच्या कारखान्याच्या गेटवर. ड्युटी सात ते तीन. शर्टाला कडक इस्त्री, बक्कल रोज पॉलिश. बाकीचे वॉचमन हसायचे. हसू देत. बावीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये माझ्यावर एकही चार्ज नाही. शिक्षण चौथी. पण जे वाचतो ते अक्षर न अक्षर वाचतो.

श्रावणात आमच्या चाळीच्या गॅलरीत रामाची पोथी लागायची. वेळ दुपारी चार ते सहा. ज्यांनी ऐकायचं धरलं असेल त्यांनी त्या दिवशीची आरती होईपर्यंत जेवायचं नाही. आणखी एक नियम आमच्या कोकणच्या माणसांचा. कोणाचा वध झाला की तिथे पोथी बांधायची नाही. पुढे लग्न, राज्याभिषेक, भेट, काहीतरी मंगल येईपर्यंत वाचायचं, मगच लाल कापड गुंडाळायचं. पाऊस असो, वीज जावो, वाचणाऱ्याला ताप असो.

मी कधी तिथे बसलो नव्हतो. देवाला लांबून हात जोडायचो, तेवढंच. त्या वर्षी वाचणाऱ्या गुरवकाकांचा घसा बसला. काका खोलीवर आले, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हवालदार, आवाज फक्त तुमचा आहे. चार दिवस चालवा."

मी नाही म्हटलं. तेव्हा दारात परबकाकी येऊन उभ्या राहिल्या. मी माघार घेतली ती त्यांच्यामुळे.

परबकाकी म्हणजे लान्स नायक यशवंत परबची आई. आमचं गाव एकच, मालवणकडचं. यशवंत माझ्याच प्लाटूनमध्ये होता. तो एकाहत्तरच्या लढाईत पडला. म्हातारी आमच्याच मजल्यावर भाच्याकडे राहायची. वय बहात्तर, साखरेचा आजार. तिला मी 'नाही' कधी म्हटलेलं नव्हतं.

शालन म्हणाली, "वाचा, पण जरा हळू. पोथी म्हणजे काय तुमचा रिक्रूट आहे, ओरडलं की सावधान व्हायला?"

पहिले तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी लंकेचा राजा पडतो तो अध्याय आला.

इथे मला लढाईचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

डिसेंबर एकाहत्तर, पूर्वेचा फ्रंट. घ्यायचं ऑब्जेक्टिव्ह कालव्याकाठची एक वीटभट्टी. मी प्लाटून हवालदार. हल्ल्याचा एच-अवर ०५३०. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. दोनशे यार्डांवर डावीकडून दुश्मनाची मशीनगन, एमजी, सुरू झाली. मी वायरलेस सेटवर कंपनी कमांडरशी बोललो.

"थ्री फॉर वन. एमजी लेफ्ट, भट्टीच्या चिमणीखाली. ओव्हर."

"वन. थांबू नका. आउट."

यशवंतकडे एलएमजी होती, आमची हलकी मशीनगन. तो आडवा झाला आणि चिमणीवर फायर धरला. त्याच्या फायरखाली आम्ही धावलो. पलटणीची आरोळी देवाच्या नावाची. ती देत मी त्यांच्या खंदकात उडी मारली. समोर एक जण होता. माझ्याच वयाचा, पातळ मिशा, बाहीवर माझ्यासारख्याच हवालदाराच्या फिती. तोही त्याच्या देवाचं नाव घेत होता. माझी संगीन आधी पोचली. आम्ही दोघं आपापल्या देवाचं नाव घेत होतो आणि त्यातलं एक बंद झालं.

०६५० ला त्यांनी हात वर केले. मागे येऊन बघतो तर यशवंत एलएमजीवर डोकं ठेवून पडलेला. ०६१० च्या सुमाराला गेला असावा.

तेव्हापासून माझं देवाशी बिनसलं. दयाळू म्हणतात, मायाळू म्हणतात. आणि त्याच्या हातात बघावं तर धनुष्य, चक्र, त्रिशूळ. मी मारलं ते पगारासाठी आणि हुकमासाठी. त्याला कोणाचा हुकूम होता?

तर त्या चौथ्या दिवशी मी वाचत होतो. देवाने बाण सोडला, राजा रथातून खाली आला, देवांनी वरून फुलं टाकली. फुलं टाकली, या ओळीवर माझा आवाज थांबला. घड्याळात सतरा चाळीस. मी पोथी मिटली, लाल कापड गुंडाळलं, गाठ मारली.

"बस. यापुढे मी वाचणार नाही."

गॅलरीत वीस-पंचवीस माणसं. मग गुरवकाका कसेबसे बोलले, "अहो, वधावर बांधलीत?"

"बांधली. मेलेल्या माणसावर फुलं टाकणारा देव मायाळू कसा, ते मला आधी समजावा."

"हवालदार, हे काय ओरडून विचारायचं असतं?"

"मग कसं विचारायचं? अर्ज करून?"

एक-दोघं हसले. बायका हळूहळू उठल्या. दुसऱ्या कोणी ती गाठ सोडायची नाही, ज्याने बांधली त्यानेच सोडायची. त्यामुळे पोथी पाटावर तशीच राहिली. मी खोलीत येऊन बसलो. सव्वासहाला शालन आत आली.

"काकी उठत नाहीत. जेवणार नाही म्हणतात. त्यांची गोळी जेवणाबरोबरची आहे, माहीत आहे ना?"

मी बाहेर गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. कपाळाचा घाम पदराने पुसत होती.

"काकी, उठा. जेवून घ्या."

"शिवा, पोथी सोड. वधार बांधूची नसता."

"मी वाचणार नाही."

"मगे मी हयच बसान रवतंय."

"काकी, तुमचा मुलगा गेला. तरी तुम्ही रोज देवाला दिवा लावता. मारणारा देव तुम्हाला चालतो कसा?"

म्हातारीने पाटावरच्या पोथीकडे बघितलं. मग म्हणाली, "तां माका काय ठावक, झिला? माका वाचूक येणा नाय. पण मेल्यार तो काय करता तां तरी बघ. तू थयच उठान गेलंस."

मी तिथेच उठून गेलो होतो हे खरं होतं. नुसतं त्या दिवशी नाही. लहानपणी गावात दशावतार बघायचो. राक्षस पडेपर्यंत उजाडायचं आणि आम्ही पोरं घोंगड्या उचलून घरी पळायचो. पुढे काय होतं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. लढाईचंही तेच. गणपतीत शाल-श्रीफळ देऊन लोक बोलायला लावायचे, मी भट्टी घेतली इथवर सांगायचो आणि खाली बसायचो. पुढचं कोणाला सांगितलं नव्हतं. शालनलासुद्धा नाही.

मी बसलो. गाठ सोडली. वाचू लागलो.

पुढे राजाची राणी रणात येते. प्रेताशी बसून रडते. देवाने तिला हाकललं नाही. धनुष्य खाली ठेवून तो बाजूला उभा राहिला. राजाचा भाऊ, जो देवाच्या बाजूने लढलेला, तो म्हणाला, असल्या पाप्याला मी अग्नी देणार नाही. देव म्हणाला, वैर होतं ते संपलं. आता तो जसा तुझा तसा माझा. राजाला शोभेल असं सगळं कर. मग चंदन आणलं, चिता रचली. तोवर देव तिथून हलला नाही.

मी पोथीवर बोट ठेवून थांबलो. काकी बघत होती.

"काकी," मी म्हटलं, "त्या दिवशी दुपारी चौदाशेला सुबेदार साहेबांनी हुकूम दिला. दुश्मनाचे सात पडलेत, दफन करा, त्यांच्या रीतीने. आम्हाला रीत कुठे माहीत? कैद्यांत एक दाढीवाला हवालदार होता. तो म्हणाला, 'साहब, मुँह पश्चिम की तरफ. और मिट्टी तीन मुट्ठी.' पातळ मिशावाल्याचा खड्डा मी खणला. कोणाला हात लावू दिला नाही. तीन मुठी मीच टाकल्या."

काकी जरा पुढे सरकली.

"भट्टीवर जळाऊ लाकूड होतं. संध्याकाळी त्याच्यावर यशवंतला ठेवला."

"माझ्या यशवंताक अग्नी कोणी दिल्यान?"

बारा वर्षं तिने हे विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ज्या हाताने सकाळी माणूस मारला त्याच हाताने अग्नी दिला, हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार?

"मी, काकी."

तिने माझा उजवा हात ओढून घेतला. दोन्ही बाजूंनी बघितला, बाजारात मासळी बघतात तसा.

"दाढी?"

"सुतक धरून तेरा दिवस केली नव्हती. रोज परेडला उभा राहायचो. सुबेदार साहेबांनी एकदाही विचारलं नाही."

"बरा केलंस," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसलं आणि पोथीकडे बोट केलं. "वाच. माका भूक लागली हा."

मी राजाच्या भावाच्या राज्याभिषेकापर्यंत वाचलं. अडखळत वाचलं, पण वाचलं. सात वीसला आरती झाली. काकी वरणभात जेवली, गोळी घेतली. शालन ताटं उचलताना मला म्हणाली, "आज पहिल्यांदा हळू वाचलंत." त्या रात्री मी किती वर्षांनी सलग झोपलो ते मलाच माहीत.

देव मारतो कशाला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. मोठमोठ्या शिकलेल्यांनी सांगून बघितलं, पटलं नाही. पण मारून तो निघून जात नाही, चिता पेटेपर्यंत उभा राहतो, हे मी स्वतः वाचलंय. तेवढ्यावर माझं भागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०५१५ ला नळाला पाणी आलं. मी आंघोळ केली आणि ओल्या पंच्याने गॅलरीच्या टोकाला उभा राहिलो. काळे तीळ शालनने वाटीत काढून ठेवले होते. मी सांगितलं नव्हतं. दक्षिणेकडे तोंड करून तीन ओंजळी सोडल्या. लान्स नायक यशवंत परब. मग पश्चिमेकडे वळलो आणि तीन ओंजळी सोडल्या. पातळ मिशावाल्याचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून नुसतं 'हवालदार' म्हटलं. मग शर्ट घातला, बक्कल पुसलं आणि सहाच्या बसने ड्युटीवर गेलो.