आक्का आणि कोपऱ्यातली गोलाई

“साहेब, ही रेघ एक नाही, दोन आहेत. एकीच्या अंगावर दुसरी निजलीय.”

“मला तर एकच दिसतेय, आक्का.”

“दिसेल कशी? दोघींना पांघरूण एकच.” आक्काने वरच्या रेघेवर टिचकी मारली अन् ती पुसली. खालची जशीच्या तशी. “घ्या. ही जुळी काढली नाही तर गणिताचा प्रोग्रॅम इथेच फतकल मारून बसतो.”

साहेबांनी मान हलवली. मान हलवण्यात साहेबांचा हात कोणी धरणार नाही.

आक्काचं वय अठ्ठेचाळीस, चष्मा जाड, अन् जीभ त्याहून धारदार. वरच्या मजल्यावरची पोरं यंत्रांचे भाग रेखाटायची आणि त्यांची चित्रं खाली आक्काच्या संगणकात उतरायची. एकटी कुठली उतरतात? चौकट, बाण, मापांचे आकडे, रेघारेघांची छटा, कंपनीचं चिन्ह, असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन यायची. कोणत्या भागावर किती ताण येतो हे काढणाऱ्या प्रोग्रॅमला यातलं काही नको. त्याला हवं एक बंद कुंपण. कुठे केसाएवढी फट राहिली तरी तो म्हणतो, क्षेत्र सापडत नाही. मग आक्का चित्र इतकं मोठं करायची की त्या फटीतून बैलगाडी जावी, अन् टोकाला टोक जोडायची. कुंपण मिटलं की आत बारीक चौकोनांची जाळी भरायची, आणि प्रोग्रॅम एकेका चौकोनाचा ताण सांगायचा.

वीस वर्षं तिने हेच केलं. ऑफिसात तिला ‘झाडणारी’ म्हणत, पाठीमागे. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

साहेबांना मात्र सगळे ‘रंगारी’ म्हणत. निकालाच्या चित्रात निळं म्हणजे झकास, हिरवं म्हणजे चालेल, लाल म्हणजे बोंबला. अकरा वर्षांत साहेबांनी रंगाशेजारचा आकडा वाचल्याचं कोणी पाहिलेलं नाही. एकदा इंचातलं चित्र मिलिमीटरचं समजून उघडलं गेलं आणि हातभर पट्टी नखाएवढी झाली. साहेबांनी ती अर्धा तास न्याहाळली अन् म्हणाले, “आकार सुबक आहे.”

तर त्या दिवशी साहेब मुद्दाम येऊन उभे होते. कारखान्यातली मोठी टाकी उचलायची पट्टी दुपारी कापायला घ्यायची होती. कापण्याच्या कागदावर दोन सह्या लागत. एक साहेबांची, दुसरी ‘आकृती तपासली’ या ओळीखाली आक्काची.

“तुम्हाला त्रास नको म्हणून मीच साफ करून ठेवलीय,” साहेब म्हणाले. “एका बटणात. पाच मिलिमीटरच्या आतली टोकं आपोआप जुळतात. तेवढी एक जुळी रेघ उरली होती, बस.”

आक्काने चष्मा नाकावर नीट बसवला. तिने पट्टीच्या खाचेचा कोपरा मोठा करून पाहिला. कोपरा कोयत्यासारखा टोकदार.

“इथली गोलाई कुठे गेली?”

“कसली गोलाई?”

“तीन मिलिमीटरची. वरच्या पोरांनी काढलेली. तिची दोन टोकं पाचाच्या आत, म्हणून तुमच्या बटणाने एकावर एक आणून चिकटवली. गोलाई गिळली.”

“अहो, कचरा गेला समजा. हे बघा चित्र. हिरवंगार!”

हिरवंगार होतंच. जाळीची भोकं एवढी मोठी होती की गव्हाबरोबर उंदीरही चाळून निघाला असता. ताण एकशे चाळीस, मर्यादा दोनशे. आक्काने त्या कोपऱ्यात जाळी दुप्पट बारीक केली. एकशे ब्याण्णव. आणखी बारीक केली. दोनशे त्रेसष्ट.

“टोकदार कोपऱ्याचा आकडा कुठे थांबतच नाही, साहेब. जेवढं बारीक बघाल तेवढा वर चढतो.”

“मग बारीक बघू नका की! पहिला आकडा समजूतदार होता.”

“तापमापक फेकून दिल्याने ताप उतरत नाही.”

तिने गोलाई परत काढली. जाळी बारीक केली, मग आणखी बारीक केली. आकडा दोनशे तीसवर आला अन् तिथेच ठाण मांडून बसला. कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. साहेबांचा चेहराही त्याच रंगाकडे निघाला.

“थोडंसंच तर जास्त आहे. मशीन खोळंबलंय. सही करा, आक्का.”

तेवढ्यात दारातून तिचा दीर डोकावला. खाली कारखान्यात क्रेनला ओझी बांधायचं काम त्याचं.

“वहिनी, झाडलोट उरकली का? पट्टीची वाट बघून खाली सगळे कंटाळलेत.”

“भावजी, एक सांगा. टाकी वर जाते तेव्हा तुम्ही कुठे असता?”

“खालीच, दोर धरून. दुसरं कोण धरणार? तुमचे साहेब?”

तो आपल्याच विनोदाला हसला. आक्का लाल ठिपक्याकडे बघत होती. तो आक्काकडे बघत राहिला, मग साहेबांकडे, आणि हसू आवरून म्हणाला, “काय झालं?”

“काही नाही. तासभर थांबायला सांगा सगळ्यांना,” आक्का म्हणाली. दीर गेल्यावर तिने सहीचा कागद साहेबांच्या हातात दिला. “तुमची सही तुम्ही करा. माझी ओळ कोरी राहील. कोणी विचारलं तर का कोरी आहे तेही सांगेन.”

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. कोऱ्या ओळीला रंग नसतो, त्यामुळे त्यांना काही ठरवता येईना. शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला.

वरच्या पोराने विचारलं, “गोलाई दहाची केली तर? जागा भरपूर आहे. कोणी आधी सांगितलंच नाही.”

नवी आकृती आली. आक्काने ती हाताने झाडली, जाळी भरली. एकशे चव्वेचाळीस, आणि जाळी बारीक केली तरी हलेना. तिने सही ठोकली.

“मी म्हणतच होतो, गोलाई वाढवा,” साहेब शेजारच्या खोलीतही ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाले.

“होय तर. तुमच्या पोटात होतं, ओठावर यायला अंमळ उशीर झाला.”

साहेब गेले. आक्काने त्या बटणाचा पाचाचा आकडा काढून मिलिमीटरचा शंभरावा भाग टाकला, आणि तो पुन्हा कोणाला बदलता येऊ नये म्हणून कुलूप लावलं. मग पुढची फाइल उघडली. पंपाचं झाकण, एकशे बारा तुटक्या रेघा. तिने चष्मा पदराने पुसला, पहिलं टोक पकडलं आणि शेजारच्याला नेऊन जोडलं.